कपाळावरची अक्षरे

मराठी कथेत सुरकुतीला फार राबावे लागते. म्हातारीचा चेहरा आला की सुरकुत्या येतात, सुरकुत्यांपाठोपाठ भेगाळलेली जमीन येते, आणि जमीन आली की दुष्काळ, कर्ज, शहरात निघून गेलेला मुलगा हे सारे लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही. पदवीच्या वर्गाला व्यक्तिचित्रण शिकवताना विद्यार्थी हा दुवा चटकन पकडतात. ‘चेहऱ्यावरील सुरकुत्यांतून आयुष्यभराचा अनुभव व्यक्त होतो’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांमधून इतक्या वेळा तपासले आहे की त्याला गुण देताना आता हात थांबत नाही. सुरकुती म्हणजे काळाने माणसावर लिहिलेला मजकूर, हे रूपक आपण सर्वांनीच निमूटपणे स्वीकारलेले आहे. पण जन्मतःच सुरकुत्या घेऊन आलेला चेहरा समोर बसलेला असेल तर या रूपकाचे काय करायचे?

असा एक चेहरा गेली नऊ वर्षे आमच्या अकोल्याच्या घरात आहे. तो पग जातीच्या कुत्र्याचा आहे. धाकट्या दिरांना नोकरीनिमित्त परदेशी जावे लागले तेव्हा त्यांचा दोन वर्षांचा पग आमच्याकडे आला. त्याचे मूळ इंग्रजी नाव कुणाच्याच तोंडी बसेना. मुलीला त्याच्यात एक निवृत्त हेडक्लार्क दिसला आणि तिने त्याला ‘तात्या’ केले. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे पाहून काही ना काही वाचतोच. कुणाला तो दुःखी वाटतो, कुणाला चिंतनशील, तर आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांना तो कायम ‘अस्तित्ववादी’ वाटत आला आहे. तात्या यांपैकी काहीच नसतो. बहुधा त्याला भूक लागलेली असते.

चेहरा वाचण्याची ही सवय जुनी आहे, आणि या जातीच्या बाबतीत तर ती शब्दशः खरी आहे. पग मूळचा चीनचा. तिथे त्याच्या कपाळावरच्या वळ्यांमध्ये ‘राजा’ या अर्थाचे चिनी अक्षर पाहिले जाई: तीन आडव्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक उभी. हे अक्षर जितके स्पष्ट तितके जनावर मोलाचे. म्हणजे पैदास करणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत एका प्राण्याच्या कपाळावर अक्षर गिरवले. आपल्याकडे हे काम सटवाईचे. बाळाच्या जन्मानंतर ती रात्री येते, कपाळावर लिहून जाते, आणि तिचे लिहिणे कुणाला पुसता येत नाही. तात्याच्या कपाळी मात्र सटवाई आलीच नाही. तिथे जे लिहिले आहे ते माणसाने लिहिले आहे.

आणि ते लिहिणे फार जुनेही नाही. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ मध्ये काढलेले एक आत्मचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात त्याच्याजवळ ‘ट्रम्प’ नावाचा त्याचा पग बसलेला आहे. त्याचा चेहरा आजच्या पगच्या शेजारी ठेवून पाहावा. होगार्थच्या पगला नाक आहे! पुढे आलेले, श्वास घेता येईल असे, चांगले ठसठशीत नाक. पुढच्या पिढ्यांत प्रदर्शने, बक्षिसे आणि माणसाच्या बाळासारखा गोल चेहरा आवडण्याची आपली खोड यांनी ते नाक आत ढकलत नेले. भारतात हा चेहरा घरोघरी पोचला तो २००३ मध्ये, हच कंपनीच्या जाहिरातीतून. एक मुलगा जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जाणारा पग त्यात होता. ती जाहिरात सुंदरच होती. पण त्यानंतर या जातीची मागणी अशी वाढली, की ज्या गावांत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तिथेही पग येऊन पोचले.

पंचेचाळीस अंशांत पगचे काय होते हे समजायला थोडे शरीरशास्त्र लागते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो. तोंड, जीभ आणि नाक यांतल्या ओलाव्याचे बाष्पीभवन हीच त्याची थंड होण्याची मुख्य वाट. पगच्या बाबतीत ही वाटच बुजवलेली असते. कवटीचे हाड आखूड झाले, पण आतला मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड झाला नाही. तो घशाशी लोंबतो, नाकपुड्या फटीएवढ्या उरतात, जबड्यात मात्र इतर कुत्र्यांइतकेच बेचाळीस दात मावावे लागतात. घर लहान केले आणि सामान तेवढेच ठेवले, असा हा प्रकार. लोकांना ज्याचे कौतुक वाटते ते पगचे घोरणे म्हणजे बहुतेक वेळा अडलेला श्वास असतो. तात्या दुपारी उंबरठ्यावर हनुवटी टेकून झोपतो. आल्यागेल्याला वाटते की तो राखण करतो आहे. मान उंचावलेली राहिली की श्वासाची वाट थोडी मोकळी होते, म्हणून तो तसा झोपतो. अशी कुत्री कधी तोंडात खेळणे धरूनही झोपतात, तेही याच कारणाने.

त्यामुळे आमच्या घराचे वेळापत्रक त्याच्या श्वासावर चालते. उन्हाळ्यात फिरणे पहाटे, साडेपाचच्या आत. गळ्यात पट्टा नाही, छातीवरून जाणारा साज. खाणे मोजून, कारण सहा ते आठ किलोच्या या देहावर एक किलो चढणे म्हणजे श्वासावर आणखी एक दगड ठेवणे. पोळीचा शेवटचा तुकडा त्याला टाकण्याची सासूबाईंची सवय मोडायला एक वर्ष गेले. ऊन लागलेच तर आधी अंगावर साधे पाणी घालून वारा घालायचा आणि मग डॉक्टरांकडे धावायचे, उलट क्रमाने नव्हे.

पावसाळा आला की सुरकुत्यांचा हंगाम सुरू होतो. नाकाच्या वरची घडी ही पगच्या चेहऱ्यावरची सर्वांत खोल जागा. तिथे हवा पोचत नाही, डोळ्यांतले पाणी मुरते, अन्नाचा कण अडकतो. कातडीवर एरवी निमूट असणारे जंतू आणि यीस्ट त्या दमट अंधारात भराभर वाढतात. आधी आंबूस वास येतो, मग लाली, मग तपकिरी चिकट थर, आणि मग तो तोंड गालिच्यावर घासू लागतो. उपाय साधा पण रोजचा. घडी दोन बोटांनी अलगद उघडायची, कोमट मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पुसायची, आणि नंतर कोरडी करायची. यातले कोरडे करणे सर्वांत महत्त्वाचे. खोबरेल तेल नाही, पावडर नाही. लाली दिसली तर डॉक्टर देतील तेच औषध. नामदेवांच्या आख्यायिकेत कुत्रा भाकरी घेऊन पळतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात. आमच्या घरात मी कापूस आणि मिठाच्या पाण्याची वाटी घेऊन धावते. फरक एवढाच, की नामदेवांना कुत्र्यात देव दिसला. मला घडीत यीस्ट दिसते.

हे मी विनोदाने लिहिते आहे खरे, पण या रोजच्या पाच मिनिटांनी मला वाचनाविषयी काहीतरी शिकवले. आम्ही साहित्याची माणसे घडी दिसली की तिचा अर्थ लावतो. तात्याच्या घडीला अर्थ नाही, तिला तळ आहे. तो तळ उघडून पाहिला नाही तर तिथे पू होतो. भावपूर्ण म्हणून ज्या चेहऱ्याचे कौतुक होते, त्याची निगा राखायची तर आधी त्यातले भाव विसरावे लागतात.

डोळ्यांच्या बाबतीत ही गोष्ट जिवावरच बेतली होती. पगच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, त्यामुळे डोळे बाहेर आल्यासारखे मोठे दिसतात आणि झोपेत कधी पुरते मिटतही नाहीत. नाकावरच्या घडीचे केस बुबुळाला घासत राहतात ते वेगळेच. एका ऑगस्टमध्ये तात्याचा उजवा डोळा अर्धा मिटला, पाणी वाहू लागले. डॉक्टरांनी एक नारिंगी कागदी पट्टी डोळ्याला टेकवली आणि निळा दिवा धरला. बुबुळावर हिरवा ठिपका चमकला. ती जखम होती. दर दोन तासांनी थेंब, गळ्याभोवती प्लॅस्टिकचा शंकू, रात्रीचे गजर. डॉक्टरांनी एक गोष्ट तीनदा सांगितली: घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब चुकूनही घालू नका, जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. तीन आठवड्यांनी डोळा वाचला. त्यावर एक धूसर पांढुरका डाग राहिला आहे. मराठीत याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. भाषा किती सहज दुःखावर फूल ठेवते!

हे एकट्या तात्याचे दुर्दैव आहे का? ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पगची तुलना इतर कुत्र्यांशी केली आहे. श्वासमार्गाच्या अडथळ्याचा विकार पगमध्ये सुमारे ५४ पट, बुबुळावरच्या जखमा १३ पट, घड्यांमधला संसर्ग ११ पट अधिक आढळला. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसामान्य कुत्रा म्हणता येत नाही, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. ज्या हॉलंडमधून पग युरोपभर पसरला असे मानतात, त्या नेदरलँड्सने २०१९ मध्ये असे ठरवले, की ज्याचे नाक-तोंड डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून आखूड आहे त्या कुत्र्याची पैदास करू नये.

सुरकुतीचा सर्वांत ठळक दाखला मात्र दुसऱ्या एका चिनी जातीचा आहे. शार-पे, म्हणजे वाळूसारखी कातडी. कातडी घट्ट भरीव ठेवणारे हायलुरॉनिक आम्ल या कुत्र्यात प्रमाणाबाहेर तयार होते, आणि त्यातून त्याच्या जाडजूड वळ्या बनतात. माणसांच्या सुरकुत्या घालवणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींत याच आम्लाचे नाव असते, हा योगायोग गमतीचा आहे. २०११ मध्ये संशोधकांना असे आढळले, की त्याच्या वळ्या आणि त्याला वारंवार येणारा आनुवंशिक ताप यांचा संबंध जनुकसंचातल्या एकाच फेरफाराशी आहे. शिवाय जड कातडीने पापण्या आत वळतात, म्हणून कित्येक पिल्लांच्या पापण्यांना तात्पुरते टाके घालावे लागतात. पगचे कारण वेगळे, पण धडा एकच. जे सौंदर्य म्हणून निवडले त्याबरोबर आजारही निवडला गेला. अलंकार आणि आशय वेगळे करता येत नाहीत असे आम्ही वर्गात सांगतो. ते इतक्या क्रूरपणे खरे असेल असे वाटले नव्हते.

तात्या पाच वर्षांचा असताना त्याच्या नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया ठरली. ‘त्याचा चेहरा बदलेल का?’ मुलीने विचारले. डॉक्टर म्हणाले, ‘थोडासा. पण झोप बदलेल.’ त्याच भूल देण्यात नसबंदीही उरकता येईल असे त्यांनी सुचवले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात शेजारच्या काकू आल्या. ‘मॅडम, आमच्या जावयांकडे मादी आहे. नातवासाठी तात्याचं एक पिल्लू झालं असतं तर किती छान! असा गुणी कुत्रा पुन्हा कुठे मिळायचा?’

रात्री आमच्या घरात वाद झाला. यजमानांचे म्हणणे होते, ‘एका पिल्लानं काय बिघडतं? हा गेल्यावर घर सुनं होईल. त्याचं काहीतरी राहील तरी.’ त्यात खोटे काही नव्हते. ज्यावर आपला जीव जडतो त्याचे पुढे काही उरावे असे कुणाला वाटत नाही? मलाही वाटत होते. पण जे उरणार होते ते तात्याचे प्रेमळपण नव्हते. ते कुणालाही खात्रीने वारशात देता येत नाही. खात्रीने जाणार होते ते बुजलेले नाक, उथळ खोबण्या आणि ती घडी. तात्यावर माया करणे आणि पग हवा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी यजमानांना त्या रात्री सांगितले. त्यांना ते पटायला वेळ लागला. पूर्ण पटले की नाही हे मी आजही विचारत नाही. काकूंनी पुढे मंडईमागचे एक गावठी पिल्लू आणले. लांब तोंडाचे, सपाट कपाळाचे. ते मे महिन्यात भर दुपारीही सावलीत मजेत लोळते.

तात्या आता अकरा वर्षांचा आहे. शस्त्रक्रियेनंतर तो कुशीवर झोपू लागला, तरी उंबरठ्याची सवय अजून सुटलेली नाही. अलीकडे त्याच्या काळ्या तोंडाभोवती पांढरे केस आले आहेत. चाल मंदावली आहे, हाक दुसऱ्यांदा मारावी लागते. सुरकुत्या मात्र दिरांकडून आला त्या दिवशी होत्या तशाच आहेत, एकही वाढलेली नाही. खरे म्हातारपण त्याच्या चेहऱ्यावर आले, ते त्या पांढऱ्या केसांतून.