पडद्यावरची बंदूक आणि कानातला आवाज

लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत मुलं घरात अडकलेली असतात आणि आईबाप नेमके बाहेर. आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात भाताची लावणी चाललेली असते. लोणावळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड, त्यामुळे हॉटेलात, चिक्कीच्या दुकानात, भाड्याच्या बंगल्यांवर काम करणाऱ्यांना शाळेच्या सुट्टीच्या दिवशीच सुट्टी नसते. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या. मग मुलाच्या हाती घरातला जुना मोबाईल येतो. त्यावर मोठा गेम धड चालत नाही, पण दुसऱ्या कोणी खेळलेल्या गेमचा व्हिडिओ झकास चालतो. हे व्हिडिओ मी मुलांबरोबर बसून आणि एकटीनेही बरेच पाहत आले आहे, आणि ते योग्य की अयोग्य हे पालक कसं ठरवतात तेही ऐकत आले आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: गेम कोणता आहे यावरून व्हिडिओचा निवाडा होत नाही. तो होतो खेळता खेळता व्हिडिओत बोलणाऱ्यावरून. म्हणून ही पारख डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त करायला हवी.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यात मारामारी आहे का?’ प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. युरोपातली ‘पेगी’ ही वयोगट ठरवणारी पद्धत 2003 पासून आहे. तिच्या हिशेबात ‘माइनक्राफ्ट’ सात वर्षांपासून पुढच्यांसाठी आणि ‘जीटीए 5’ अठरा वर्षांपुढच्यांसाठी. पण हा शिक्का गेमवर आहे, व्हिडिओवर नाही. ‘जीटीए’मधली एकही गोळी न झाडता नुसती गाडी चालवत, कोणाला न दुखावता गोष्ट सांगणारा व्हिडिओ असू शकतो. उलट ‘माइनक्राफ्ट’चे ठोकळे रचता रचता सोबतच्या खेळाडूला आईवरून शिव्या घालणारा, मुलींबद्दल घाणेरडं बोलणाराही असू शकतो. लांबून पाहणाऱ्या बापाला पहिल्यात बंदूक दिसते म्हणून तो ओरडतो, दुसऱ्यात रंगीत ठोकळे दिसतात म्हणून निर्धास्त होतो. मुलाच्या कानात हेडफोन असतो, त्यामुळे खरा मजकूर घरात दुसऱ्या कोणाला ऐकूच जात नाही. आपल्याकडच्या कायद्यातही अशीच फट आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वेबमालिकांना सात, तेरा, सोळा वर्षं अशी वर्गवारी सक्तीची केली. कोणीही उठून स्वतःच्या चॅनेलवर टाकलेल्या व्हिडिओला ती लागू नाही.

मारामारी बघून मूल बिघडतं ही भीती मी उडवून लावत नाही, पण तिचं माप घ्यायला हवं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मार्च 2020 मध्ये आपला ठराव सुधारून मांडला. हिंसक गेममुळे माणूस खऱ्या जगात हिंसाचार करतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यात आहे. मात्र आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी त्यांचा लहानसा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे, असंही आहे. हे निष्कर्ष गेम खेळण्याबद्दलचे आहेत, नुसतं बघण्याबद्दलचे नाहीत, ही मर्यादा मान्य करून मी एवढंच म्हणेन की आरडाओरडा हाच धोका असेल तर तो व्हिडिओत चित्रातल्या सैनिकापेक्षा माइकमागच्या माणसाकडून जास्त येतो. हरल्यावर तो काय बोलतो? नवख्या खेळाडूला ‘नूब’ म्हणून किती सोलून काढतो? स्वतःची चूक झाली की हसतो की सोबत्याच्या माथी मारतो? दहा वर्षांचं मूल बंदूक चालवायला शिकत नाही, हरल्यावर कसं बोलायचं ते मात्र नक्की शिकतं.

गेमच्या नावावर नजर खिळली की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 2017 मध्ये मुलांना आत्महत्येकडे ढकलतो असं म्हटल्या गेलेल्या ‘ब्लू व्हेल’ या गेमच्या बातम्यांचा घराघरांनी धसका घेतला, केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये त्याच्या लिंक काढून टाकायचे आदेश दिले. जानेवारी 2018 मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या गेमचा संबंध सिद्ध झालेला नाही. मुलं गेली हे खरं होतं, त्यांचं दुःख खरं होतं. पण मुलाच्या मनात काय चाललं आहे हे विचारायच्या जागी आपण एका नावाचा शोध घेत बसलो. बंदीचंही तसंच. पब्जी सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाला, फ्री फायर फेब्रुवारी 2022 मध्ये. भारतासाठी काढलेला बीजीएमआय 2021 मध्ये आला, 2022 मध्ये हटवला गेला, 2023 मध्ये परत आला. या सगळ्या काळात त्यांचे व्हिडिओ चालूच होते. बंदी ॲपवर होती, बोलणाऱ्यावर नव्हती.

‘यूट्यूबने सोयी केल्या आहेत ना?’ असं शिकलेले पालक विचारतात. केल्या आहेत. मुलांसाठीचं वेगळं ॲप 2016 मध्ये भारतात आलं, 2021 पासून पालकांच्या देखरेखीखालचं खातं उघडता येतं, काही व्हिडिओंवर अठरा वर्षांची अट असते. पण या साऱ्या कुंपणांचं फाटक एकच आहे, ते म्हणजे खातं कोणाचं. मूल बापाच्या मोबाईलवर बापाच्या खात्यातून बघत असेल तर यूट्यूबच्या लेखी तो चाळीस वर्षांचा माणूस आहे. कामशेतच्या किंवा वडगावच्या घरात मुलासाठी वेगळं खातं उघडलेलं मला क्वचितच दिसतं. हे काम एकदाच करायचं असतं आणि ते मी आधी सांगते. पण तेवढ्याने भागत नाही, कारण कुंपण दृश्य आणि शब्द गाळतं. बोलण्याची धाटणी गाळत नाही. कोणी एकही शिवी न देता अर्धा तास दुसऱ्याची टर उडवू शकतो.

आणखी एक गोष्ट कानानेच कळते, ती म्हणजे विक्री. फ्री फायरमधले डायमंड, बीजीएमआयमधली यूसी, रोब्लॉक्समधले रोबक्स हे सारं खऱ्या पैशांनी घ्यायचं असतं. व्हिडिओतला दादा नवा पोशाख, नवी बंदूक विकत घेताना जो जल्लोष करतो तोच जाहिरातीचं काम करतो, मग कोपऱ्यात ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असो वा नसो. थेट प्रक्षेपणात पैसे पाठवणाऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं जातं. आपलं नाव दादाने घ्यावं, ही हाव अकरा वर्षांच्या मुलाला कशी आवरणार? ‘फुकट डायमंड’ म्हणून खाली दिलेली लिंक तर बऱ्याचदा पासवर्ड काढून घेण्यासाठीच असते. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली, हे चांगलंच झालं. पण पोशाख आणि डायमंड विकणारे गेम त्या बंदीत येत नाहीत. म्हणून मी ऐकताना एक हिशेब ठेवते: बोलणारा खेळाबद्दल किती बोलतो आणि खरेदीबद्दल किती. ‘इथून वळसा घातला कारण समोरच्याला डोंगराआड दिसत नाही’ असं सांगणारा मुलाला काहीतरी शिकवतो आहे. दर पाच मिनिटांनी ‘लाइक करा, मेंबर व्हा, टॉप-अप करा’ म्हणणारा दुकान मांडून बसला आहे, आणि मूल तिथे गिऱ्हाईक आहे.

‘एवढं ऐकत बसायला वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप खरा आहे, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला तो शोभतोही. पण पूर्ण व्हिडिओ ऐकायची गरज नसते. सुरुवात गोडच असते, ती सोडून द्यावी. मधली दहा मिनिटं हेडफोन काढून, स्पीकरवर, दीडपट वेगाने ऐकली आणि त्यात एखादी हार ऐकली की माणूस कळतो. चॅनेलवाले आपली धाटणी सहसा बदलत नाहीत, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओ नव्हे, चॅनेल पारखायचं असतं, आणि मुलाची खरी आवडती चॅनेल मोजकीच असतात. ‘घरात आजीच असते, तिला यातलं काय कळणार?’ असंही म्हणतात. आजीला यूसी कळणार नाही. पण माणूस समोरच्याशी कसा बोलतो हे ओळखण्यात तिचा हात कोण धरणार? आवाज स्पीकरवर असू दे, एवढा एक नियम घरात आला तरी निम्मं काम आजी करते. मात्र बोलणं हिंदीत, त्यातही दिल्लीकडच्या हिंदीत असलं की काही शब्द तिच्या कानावरून जातात. तिथे मोठ्या बहिणीला विचारावं.

सगळ्यात वजनदार आक्षेप सरसकट बंदीवाल्यांचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवले जातात. यवतमाळच्या बांशी गावाने त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्यांच्या मोबाईलवरच बंदी घालायचा ठराव केला. भोंग्याची कल्पना मला आवडते. अख्खं गाव पाळतं म्हणून ‘मलाच का?’ हा प्रश्न उरत नाही. पण भोंगा वेळ ठरवतो, निवड नाही. साडेआठनंतर मूल काय ऐकतं, हा प्रश्न जिथल्या तिथेच. आणि सरसकट बंदी मावळात टिकेल असं मला वाटत नाही. शाळेच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात, शेजारच्या बंगल्यात पर्यटकांच्या मुलांकडे टॅब असतो, मित्राचा मोबाईल असतोच. बंदीत वाढलेलं मूल चोरून बघतं, आणि चोरून ऐकलेल्याबद्दल ते कोणाला विचारू शकत नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाबाबत मात्र मी हाच सल्ला फिरवते. त्याच्या मोबाईलवर कान लावून बसणं ही पाळत होते आणि तो ती पाळत दोन दिवसांत चुकवतो. त्याला बोलतं करावं: हा गेमर हरल्यावर असं का बोलतो, तुला ते आवडतं का, त्याला पैसे कुठून मिळतात? गेमरच्या कमाईचा हिशेब मुलांना आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो आणि ते तो रंगवून सांगतात. आईबापांनी मध्ये उपदेश घातला नाही तर मूल आपल्या लाडक्या दादाची लबाडीही स्वतःहून सांगतं, आणि कोणतं चॅनेल लहान भावाला दाखवू नये हेही.