गणपतीसाठी ल्यूसिफर

रेडिंगमधलं हे घर आम्ही २०१९ साली घेतलं. जाहिरातीत सगळ्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बाग दक्षिणेकडे’. आमच्या गुहागरला कुणी दक्षिणेचं कौतुक सांगून घर विकायला काढलं असतं, तर गिऱ्हाईक ओटीवरूनच परत फिरलं असतं. इंग्लंडमध्ये मात्र दक्षिण म्हणजे ऊन, आणि उन्हाला इथे भाव आहे.

ऊन आहे म्हटल्यावर मला लाल फूल हवंसं झालं. कारण अर्थात गणपती. इथे जास्वंद बाहेर थंडीत तगत नाही, आणि घरातल्या कुंडीतली ऐन चतुर्थीला हटकून रुसते. बियाणांचं एक कॅटलॉग चाळताना क्रोकॉस्मिया दिसला. तलवारीसारखी उभी पानं, निऱ्या काढाव्यात तशी चुणीदार, आणि त्यांच्यावर कमानीसारख्या वाकलेल्या दांड्याला पिंजरीच्या रंगाची फुलं. जातीचं नाव ‘ल्यूसिफर’. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “अगो, सैतानाचं नाव असलेलं फूल देवाला वाहणारेस?” मी म्हटलं, ल्यूसिफरचा मूळ अर्थ प्रकाश आणणारा. तिचं काही समाधान झालं नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, दहा कंद टपालाने आले. लसणीच्या गड्ड्यांएवढे, आणि चार तर पार वाळून खडखडीत झालेले. मूळ दक्षिण आफ्रिकेचं झाड, म्हणजे ऊन जितकं जास्त आणि पाणी जितकं कमी तितकं बरं, असा माझा हिशोब. घराच्या भिंतीला टेकून, सगळ्यात तापणाऱ्या जागी, दोन बोटं खोल लावले. सहा उगवले. पानं गुडघ्याच्या वर गेली आणि वाऱ्याने आडवी झाली. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. फूल एकही नाही.

पुढच्या दोन वर्षांतही फार काही निराळं झालं नाही. २०२१ ला तीन दांडे आले. २०२२ चा उन्हाळा तर इथली माणसं अजून सांगतात. १९ जुलैला लिंकनशरमध्ये ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, या देशात पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली. माझ्या क्रोकॉस्मियाची पानं टोकाकडून तपकिरी झाली. पानाची मागची बाजू उलटून पाहिली तर बारीक जाळी आणि तिच्यात सरपटणारे ठिपके. लाल कोळी. कोरड्या, तापलेल्या जागी ही कीड हमखास येते.

माझी चूक शेजारच्या आजींनी दाखवली. ऐंशी ओलांडलेल्या बाई, कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, “याला भाजतेस कशाला? हा ओढ्याकाठचा.” मग वाचून पाहिलं. ज्या जातींच्या संकरातून बागेतले बहुतेक क्रोकॉस्मिया आले, त्या दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात, ओढ्यांच्या काठी आणि ओलसर उतारांवर वाढतात. तिथे पाऊस उन्हाळ्यातच पडतो. म्हणजे याला डोक्यावर ऊन हवं आणि पायाशी ओल. हे मला निदान कळायला हवं होतं. आमच्या घरी न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडे तिथेच कर्दळ आणि अळू असत. भर वैशाखात सगळं अंगण करपलं तरी कर्दळ आपली हिरवीगार, लाल तुऱ्यासकट.

त्या ऑगस्टअखेर आमच्या भागात होजपाइप वापरायला बंदी आली. झारीला मुभा होती. मग तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं क्रोकॉस्मियाच्या बुडाशी जाऊ लागलं. पन्हाळीखाली पिंप ठेवलं.

मार्च २०२३ मध्ये सगळा ताटवा खणून काढला, आणि खणताना पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. एका कंदावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी उभी माळच. दर वर्षी जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा बसतो, आणि खालचा मरत नाही, नुसता पडून राहतो. माळ तोडली की तोही फुटायला मोकळा. भिंतीपासून हात-दीड हात पुढे, कुजलेलं पालापाचोळ्याचं खत मिसळून, या वेळी चांगले चार बोटं खोल लावले. शेंड्याकडची वाळकी पानं आता मी हिवाळ्यात कापत नाही. तीच कंदांचं पांघरूण होतात. मार्चमध्ये काढते.

त्या जुलैत ल्यूसिफर माझ्या खांद्याला लागला. अठरा दांडे. मी खूश, आणि मग पंचांग पाहिलं. अधिक श्रावण! चतुर्थी थेट १९ सप्टेंबरला. ल्यूसिफर ऑगस्टच्या मध्याला आटोपतो. खरं तर अधिक महिना नसता तरी जमलं नसतं, हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. नॉरफोकमधल्या ब्रेसिंगहॅमला अॅलन ब्लूम यांनी १९६०च्या दशकात ही जात काढली तेव्हा त्यांच्यापुढे चतुर्थी नव्हती, त्यांना काय बोलणार?

वेळ निभावली ती आजींच्या मॉन्टब्रेशियाने. हाही क्रोकॉस्मियाच, फ्रान्समधल्या नान्सीच्या व्हिक्टर लेमॉइन यांनी १८८०च्या सुमारास केलेला संकर. लहानखुरा, केशरी, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलणारा. आजींनी कधीच एक गड्डा देऊ केला होता, आणि मी ‘हे काय, तण’ म्हणून तो कोपऱ्यात खुपसला होता. त्या कोपऱ्यात त्याने तोवर राज्य केलं होतं. १९ तारखेला सकाळी त्याचे उरलेसुरले अकरा दांडे खुडले आणि गणपतीला वाहिले. लाल नाही, शेंदरी म्हणता येईल. शेंदूर गणपतीला चालतोच. आईनेही व्हिडिओ कॉलवर मान डोलावली, कारण नाव निदान सैतानाचं नव्हतं.

जाता जाता एक. क्रोकॉस्मिया हे ग्रीक नाव, अर्थ केशराचा वास. वाळलेली फुलं कोमट पाण्यात टाकून पाहिली. येतो खरा, पुसट. श्रीखंडात मात्र काश्मीरचंच केशर घातलं.

मॉन्टब्रेशिया मी आता दरसाल अर्धा उपटते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो रानात लावणं किंवा पसरू देणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून जादा कंद बादलीभर पाण्यात कुजेपर्यंत बुडवून ठेवते. रेडिंगच्या आसपास कुणाला गणपतीसाठी हवे असतील तर मार्चमध्ये पिशवी घेऊन या. लावा तुमच्याच बागेत, कुंपणाच्या आत.