जाणाऱ्याची निरवानिरव

येणाऱ्याच्या स्वागताची जितकी तयारी आपण करतों, तितकी जाणाऱ्याच्या निरोपाची करीत नाहीं. संगणकाच्या आज्ञावलींतही हाच मनुष्यस्वभाव उतरला आहे, असें माझा अनुभव सांगतो.

१९९१ सालीं जन्मलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यांत, वीज वांचावी म्हणून प्रोसेसरचा वेग कामाप्रमाणें कमीअधिक करणारा एक विभाग आहे. एकाच घड्याळावर चालणारे प्रोसेसर म्हणजे जणुं एकत्र कुटुंब. सर्वांचा वेग एक, आणि त्याची वही सांभाळणारा कर्ताही एकच.

मजकडे दुरुस्तीला आलेला दोष या कर्त्याविषयींचा होता. चालत्या यंत्रांतून एखादा प्रोसेसर काढतां येतो. इतर कोणी गेला तर बिघडत नसे. पण कर्ताच गेला, कीं त्याच्याबरोबर वहीही नाहींशी होई, आणि मागें राहिलेले त्या नसलेल्या वहीचीं पानें उलटूं पाहत. यंत्र तेथेंच कोलमडे.

उपाय थोडक्या ओळींचा निघाला. निघण्यापूर्वीं वही मागें राहणाऱ्यांपैकीं एकाच्या हातीं द्यावी. ती फाडावयाची, तर शेवटचा गेल्यावरच. शिवाय घटकाभर झोपणें वेगळें आणि घर सोडणें वेगळें, हा भेदही लिहावा लागला.

सहकारी म्हणाले, “असा प्रसंग क्वचितच यायचा!” मला तें पटलें नाहीं. येणें रोजचें, म्हणून तें आपोआप पारखलें जातें. जाणें क्वचित, म्हणूनच तें आधीं लिहून ठेवावें लागतें. मृत्युपत्र कोणी रोज करीत नाहीं. पण तें नसलें म्हणजे भाऊ भाऊ कोर्टांत उभे राहतात.