तीन स्क्रूंची गोष्ट

पुणे, रविवार

चि. ओंकार,


डेट्रॉइटच्या दुकानातल्या जुन्या गिटारचा फोटो पाहिला. एवढ्या देखण्या वाद्याच्या छातीत तीन स्क्रू कुणी ठोकले, असं विचारतोस. ठोकले नाहीत रे, त्यांच्यावर दोन जड चुंबक टांगलेत!

ही गिब्सनची ईएस-१५०. १९३६ साली तुमच्याच मिशिगनमध्ये, कॅलमझूच्या कारखान्यात निघाली. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश: मांडीवर आडवी ठेवायची ती हवाईयन, छातीशी उभी धरायची ती स्पॅनिश. गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि वायर मिळून किंमत १५० डॉलर, म्हणून नावात तो आकडा.

त्या काळच्या बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे गिटारवाल्याचं कुणाला ऐकूच जायचं नाही. म्हणून गिब्सनच्या वॉल्ट फुलरने तारांखाली पोलादी पट्टी बसवली, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे दिले आणि चुंबक स्प्रूसच्या कोरीव फळीखाली, पोटात दडवले. स्क्रू पिळले की पट्टी तारांच्या जवळ किंवा लांब जाते. तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. म्हणजे फळी कोरायला घेतलेले कष्ट एकीकडे आणि आवाज भलतीकडूनच! मला तरी त्यात कारागिराचा हट्ट दिसतो.

१९३९मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि याच गिटारवर सॅक्सोफोनसारखी एकेक स्वराची तान घेऊ लागला. १९४२ साली क्षयाने गेला, अवघ्या पंचविशीत. पट्टी, वेढे आणि चुंबक यांच्या त्या जोडणीला, म्हणजे पिकअपला, लोक आजही त्याचंच नाव देतात.

पोकळ पोटाची खोड मात्र राहिलीच. आवाज वाढवला की लग्नाच्या मांडवातल्या माइकसारखी गिटार केकाटायची, कारण स्पीकरचा आवाज फळीलाच हलवायचा. मग १९४९च्या ईएस-१७५ला कोरीव लाकडाऐवजी प्लायवूड आलं. ते स्वस्तही पडे आणि कमी थरथरे. १९५८च्या ईएस-३३५मध्ये तर पोटाच्या मधोमध मेपलचा ठोकळाच बसवला. पोकळी हवी म्हणून वाद्य कोरायचं, आणि मग तीच बुजवत जायचं!

पुन्हा त्या दुकानात गेलास तर एक काम कर. काही ईएस-१५०च्या पट्टीला दुसऱ्या तारेखाली खाच असते, कारण ती तार इतरांपेक्षा मोठ्याने बोलायची. तुझ्या फोटोत तिथे नेमका उजेड पडलाय. नीट बघून कळव.

तुझा,
काका