गस्तीची वाट

अक्कलकुव्यात बसून समुद्राविषयी लिहावे हे वाचकांस अंमळ विपरीत वाटेल. परंतु येथल्या आठवड्याच्या बाजारात समुद्राचाही एक ढीग येऊन बसतो. तो सुकटीचा व सुक्या बोंबलांचा. डोंगरातून उतरलेली एक म्हातारी त्यापुढे उकिडवी बसते, भाव ऐकते आणि पूर्वीपेक्षा लहान पुडी पदरात बांधून उठते. एकदा तिने, जणू त्या भावास आम्हीच जबाबदार आहोत अशा नजरेने, आम्हांस विचारले, "गुरुजी, समुद्रातले मासे सरले का?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. इंग्रजी काव्यात समुद्र पुष्कळ आहे. मासे फारसे नाहीत.

घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरांचा, आणि राज्याचा अंमल समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. एकूण पाणी पंधरा-सोळा हजार चौरस किलोमीटर! मासेमारीच्या नियमनाचा कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला. दिव्यांच्या झोताने मासळी गोळा करण्यास बंदी आहे, पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आहेत. पण ताशी १० सागरी मैल चालणारी गस्तीची नौका केवळ किनाऱ्याच्या कडेने गेली तरी एका फेरीस दीड दिवसाहून अधिक लागतो. तिची पाठ वळली की मागचा सारा दर्या मोकळाच.

येथे आम्हांस आमचे पर्यवेक्षण आठवले. परीक्षेच्या दालनात आम्ही मोठ्या कर्तव्यबुद्धीने फिरत असू: दारापासून खिडकीपर्यंत, तेथून फळ्याकडे, फिरून दाराशी. पुष्कळ वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्याने हसत सांगितले, "सर, तुमच्या फेरीवर आम्ही घड्याळ लावीत असू." आमच्या शिस्तीनेच चोरांची सोय केली होती!

हाच दोष ओळखून मिलिंद तांबे या गणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या तटरक्षक दलास गस्तीची एक रीत बसवून दिली. २०११ पासून बोस्टन बंदरात ती वापरात आली. पुढे मेक्सिकोच्या आखातातील चोरट्या मासेमारीवरही त्यांनी अशीच रीत योजली. मोलाच्या जागी नौका अधिक वेळा जावी. मात्र आज ती कोठे असेल हे कोणासच ठरवता येऊ नये. शिवाय मासळीचा चोर एकदाच येत नाही, तो पुनःपुन्हा येतो. म्हणून त्याच्या मागील खेपांवरून त्याचा स्वभाव ताडता येतो. आमच्या दालनात आम्ही कोणाचाच स्वभाव ताडला नाही.

तथापि आम्हांस एक शंका आहे. वाट कितीही अनिश्चित ठेवली, तरी नौका धक्क्यावरून सुटताच कोणी भ्रमणध्वनीवरून खबर दिली, तर गणिताने काय करावे? २०२५ च्या जानेवारीपासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची नजर ठेवली आहे. त्यास धक्का लागत नाही, हे बरे. पण चोरून धरलेली मासळीही अखेर किनाऱ्यावरच उतरते, आणि तेथे उभे राहण्यास इंधन लागत नाही. दर्यावरील फेऱ्यांइतकीच तपासणी बंदरावर झाली, तर डोल जाळ्यावर जगणाऱ्या गरीब कोळ्याच्या वाट्यास काही उरेल, असे आम्हांस वाटते.

पुढच्या बाजारी म्हातारी भेटली. आम्ही तिला म्हणालो, "सरले नाहीत, आजी; पण राखणारे थोडे आहेत." तिने आमच्याकडे पाहिले, आणि सुकटवाल्यास आणखी एक चिमूट टाकावयास सांगितले.