समोरासमोरचें बोलणें

सभ्य संभाषणाचे नियम माणसांनीं केले खरे. पण ते निष्ठेनें पाळणारीं यंत्रेंही आमच्या पाहण्यांत आलीं आहेत. पंचवीसएक वर्षांपूर्वींच्या पुष्कळ मोबाइलांच्या व लॅपटॉपांच्या कडेस एक लहानशी काळसर तांबडी काच असे. तिच्याआडून एक यंत्र दुसऱ्याशीं अवरक्त किरणांनीं बोले. तांबड्या रंगापलीकडील हे अदृश्य किरण विल्यम हर्शेल यानें १८०० सालीं उष्णतामापकाच्या साहाय्यानें शोधून काढले. त्यांच्या द्वारें संगणकांनीं कसें बोलावें, याचे सर्वमान्य नियम १९९४ सालीं ठरले.

हे नियम मोठे मार्मिक आहेत. बिट पाठवावयाचे ते एकामागून एक. एका अक्षराचे आठ बिट, आरंभाची खूण एक व शेवटची एक, मिळून दहा. शून्य सांगावयाचें तर दिवा क्षणभर चमकतो; एक सांगावयाचें तर अंधार. येथें मौनालाही अर्थ आहे! चमक टिकते ती बिटाच्या वेळेच्या सोळा भागांपैकीं अवघे तीन भाग; तेवढी वीज वांचते. प्रथम ओळख होते ती सेकंदास ९,६०० बिटांच्या वेगानें. मग दोघांस झेपेल तर १,१५,२०० पर्यंत. बोलतांना आपल्याच दिव्यानें आपलाच डोळा दिपतो, म्हणून एकानें बोलावें तेव्हां दुसऱ्यानें ऐकावें. अंतर सुमारें एक मीटर, आणि तोंडें समोरासमोर.

या नियमांचें मोल आम्हांस नाशिकास कळलें. पंचवटींतील आमचे एक स्नेही वारले. त्यांच्या जुन्या मोबाइलांत, दुतोंड्या मारुतीजवळ पुराचें पाणी पाहत उभे असलेलें त्यांचें छायाचित्र होतें. त्या मोबाइलास ब्लूटूथ नव्हतें, जोडावयाची तारही मिळेना. आमच्याजवळ त्या काळचा एक लॅपटॉप शिल्लक होता. दोन्ही यंत्रें ओसरीवर समोरासमोर मांडलीं. पण उन्हांतही हेच किरण विपुल असल्यानें बोलणें तुटे. शेवटीं माजघरांतल्या सावलींत तें जुळलें. छायाचित्र वीसएक हजार बाइटांचें. पुऱ्या वेगानें दोन सेकंदांचें काम. तें पडद्यावर उमटलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भावजी, एवढ्यासाठींच का हे इतके दिवस कोंडून राहिले होते?”

त्या प्रश्नांत सारें आलें. छायाचित्र शाबूत होतें, सांगणारें यंत्र शाबूत होतें. उणीव होती ती ऐकणाऱ्याची. टीव्हीचा रिमोट आजही अवरक्त किरणांनींच बोलतो. पण त्याची बोली निराळी, ती येथें उपयोगाची नाहीं. नव्या यंत्रांनीं भिंतीपलीकडे पोंचणाऱ्या लहरी पत्करल्या आणि तो डोळा मिटला. २०१८ सालीं लिनक्सच्या गाभ्यांतूनही ही भाषा काढून टाकण्यांत आली. भाषा अशाच जातात; बोलणारा उरतो, पण समोर बसून ऐकणारा उठून गेलेला असतो. वाचकांच्या कपाटांत असा एखादा मुका मोबाइल पडला असेल, तर त्याचा श्रोता कोठें तरी शिल्लक आहे तोंच त्यास बोलतें करावें, एवढीच आमची विनंती आहे.