चुना, वीट आणि उजेड

सुरत, गुरुवार रात्र

ती. आबांस सा. न.

सुरतेचं नाव निघालं की आपल्याला १६६४ चा जानेवारीच आठवतो. शिवाजी महाराजांची स्वारी आली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचे दरवाजे लावून आत ठाण मांडून बसलेला जॉर्ज ऑक्झेंडन तुम्ही वर्गात कितीदा शिकवला असेल. त्याचं थडगं कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या दफनभूमीत आहे. आज त्याच्यापुढे ट्रायपॉड लावला.

नुसतं थडगं म्हणावं असं ते नाहीच. चांगली दोन मजली वास्तू आहे. खाली जाडजूड खांब आणि कमानी, वर घुमट. लांबून पाहणाऱ्याला एखाद्या मोगल सरदाराचा मकबराच वाटेल. इथे आधी त्याचा भाऊ ख्रिस्तोफर पुरला गेला, १६५९ मध्ये. दहा वर्षांनी, १६६९ मध्ये, जॉर्जही तिथेच आला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने इंग्लंडच्या राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं होतं आणि त्याचा कारभार जॉर्ज सुरतेत बसून पाहत होता. आपल्या मुंबईचा कंपनीने नेमलेला पहिला गव्हर्नर इथे आहे, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल?

ख्रिस्तोफरचा लॅटिन मृत्युलेख मी येण्याआधी वाचला होता. तो चक्क जमाखर्चाच्या भाषेत लिहिलेला आहे. याला वहीत वर्षं मांडता आलीच नाहीत, मांडले ते दिवस. मृत्यूने मध्येच हिशेब मागितला. मालकांनी चाकर गमावला, सोबत्यांनी सोबती, त्याने जीव. पण जमेच्या बाजूला मरणच लिहायला तो मोकळा आहे. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेला असा निरोप मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

रंगीत फिल्म मी मुद्दामच आणली नाही. भोवती दाट वस्ती आहे. निळ्या टाक्या, पिवळ्या पाट्या, गच्चीवर वाळणारे कपडे. रंगीत फोटोत नजर आधी तिकडे जाते आणि घुमट मागे राहतो. काळ्यापांढऱ्यात टाकीचा निळा आणि भिंतीचा करडा जवळजवळ एक होतात, मग उरते ती घडण: कमानीची जाडी, खांबाची गोलाई, कोनाड्यातला अंधार. तुमचा धडा लक्षात ठेवला. लाइटमीटरला सगळं जग करडं दिसतं, म्हणून चुन्याच्या भिंतीला त्याने सांगितल्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड दिला. नाहीतर पांढरा चुना फोटोत सिमेंटसारखा उतरतो.

आईला सांगा, जेवणाचे हाल नाहीत. उंधियू दोन्ही वेळा मिळतं आहे.

आपली,
सुमी


अहमदाबाद-हावडा गाडीत, भुसावळ गेल्यावर

ती. आबांस सा. न.

सुरतेतल्या डच दफनभूमीबद्दल लिहायचं राहिलं होतं. गाडी फार हलते आहे, अक्षर सांभाळून वाचा.

तिथली सर्वांत मोठी वास्तू हेंड्रिक व्हान रेडे याची. अष्टकोनी, दुहेरी घुमटाची, वर-खाली खांबांच्या ओवऱ्या असलेली. ऑक्झेंडन बंधूंच्या वास्तूवर ताण करायची म्हणून डचांनी ही एवढी उभारली, असं म्हणतात. दोन्ही पाहिल्यावर ते पटतंही. जुन्या गॅझेटियरात लिहिलंय की आत भित्तिचित्रं होती आणि खिडक्यांना नक्षीदार लाकूडकाम होतं. कॅमेरा ते परत आणू शकत नाही. आज जे उभं आहे तेवढंच तो टिपतो, म्हणून ते वेळेवर टिपलेलं बरं.

हा व्हान रेडे म्हणजे ‘हॉर्टस मलबारिकस’ करवून घेणारा. मलबारच्या वनस्पतींचे बारा खंड, ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. पुढे डच कंपनीतला भ्रष्टाचार तपासायला त्याला कमिशनर म्हणून पाठवलं. कोचीहून सुरतेला येताना १६९१ च्या डिसेंबरात मुंबईच्या आसपास जहाजावरच तो वारला. शेवटचा खंड त्याने छापलेला पाहिलाच नाही.

आता यातलं आपलं काय, ते सांगते. या ग्रंथासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मणही होते. आम्ही दिलेली माहिती खरी आहे, असं त्यांचं कोकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलेलं आहे, १६७५ सालचं. सुरतेच्या त्या घुमटाखाली उभी असताना मला सारखी ती तीन नावं आठवत होती. त्यांची थडगी नाहीत आणि असणारही नाहीत. त्यांची खूण राहिली ती त्या पानावर. म्हणून ठरवलं आहे की या फोटोच्या मागे व्हान रेडेबरोबर ती तीन नावंही लिहायची. घुमटाचा फोटो कितीही चांगला आला, तरी ही गोष्ट तो एकटा सांगू शकत नाही.

आपली,
सुमी


कोलकाता, रविवार

ती. आबांस सा. न.

साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत सकाळी फाटक उघडल्याबरोबर शिरले. १७६७ मध्ये सुरू झालेली ही जागा. सुरतेत घुमट, इथे पिरॅमिड, उंच सुळके, खांबांची छत्री. मोठमोठ्या झाडांखाली रांगाच्या रांगा. लांबून सगळं दगडी वाटतं, पण बंगालच्या या गाळात दगड आणणार कुठून? आत वीट आणि वर चुन्याचा गिलावा. लेख तेवढे संगमरवराच्या नाहीतर दुसऱ्या दगडाच्या पाटीवर.

विल्यम जोन्सचा सुळका सर्वांत उंच. १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी काढणारा आणि शाकुंतल इंग्रजीत नेणारा हा न्यायाधीश १७९४ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. एवढी उंची फ्रेममध्ये बसवायला कॅमेरा वर उचलला की सुळका मागे कलंडतो. म्हणून कॅमेरा समपातळीत ठेवून मागे मागे सरकत गेले, पार दुसऱ्या रांगेपर्यंत. खालची जास्तीची जमीन प्रिंट करताना कापू.

चार्ल्स स्टुअर्टची समाधी (१८२८) तर मंदिराच्या घडणीची आहे. कंपनीच्या फौजेतला हा आयरिश अधिकारी रोज गंगास्नान करी आणि लोक त्याला ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. इथे फोटो काढणारे बहुतेक जण जोन्स आणि स्टुअर्टपाशीच थांबतात. मी जास्त वेळ दिला तो लहान थडग्यांना. वय वाचत गेलं की पाय अडखळतात. पिळाच्या खांबाखालची रोझ एल्मर १८०० मध्ये गेली तेव्हा वीस वर्षांची होती. तिच्यावर एका इंग्रज कवीने कविता लिहिली म्हणून तिचं नाव जगाला ठाऊक झालं. बाकीच्या तान्ह्या पोरांना आणि बाळंतपणात गेलेल्या मुलींना नावासाठी ही एक पाटीच आहे. त्या पाट्या पाऊस पुसत चालला आहे.

अशी पाटी वाचायची कशी? काही लोक अक्षरांत खडू घासतात. त्याने संगमरवर झिजतो, तसं कधी करू नये. समोरून उजेड पडला तर अक्षर दिसत नाही. तो बाजूने, पाटीला जवळजवळ चिकटून यायला हवा, म्हणजे कोरलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरते. झाडांखाली तसं ऊन येणार कुठून? म्हणून आरसा नेला होता. तिथल्या माळीकाकांनी उन्हाच्या एका कवडशात तो धरला आणि कोरी वाटणारी पाटी ओळीओळीने उघडत गेली. आधी आडनाव, मग महिना, मग वय: ११ महिने. काका मान हलवत म्हणाले, “दीदी, रोज इथे झाडतो, पण हे कधी दिसलं नव्हतं.”

आता फिल्टरबद्दल, कारण त्यावर आपण घरी वाद घातला होता. एका थडग्याचा गिलावा हातभर पडून आतली लाल वीट उघडी पडली आहे आणि भेगेत पिंपळ रुजला आहे. लाल फिल्टर लावला की आकाश काळंभोर होतं, चुना झळाळतो, चित्र फार देखणं येतं. पण लाल काचेतून लाल वीटही उजळ होते आणि शेजारच्या चुन्यात मिसळून जाते. जखम दिसतच नाही. हिरवा लावला की वीट काळी पडते, पिंपळाची पानं उजळतात, गिलावा कुठे सुटला आणि मूळ कुठून आत शिरलं ते बोट ठेवून दाखवता येतं. आबा, तुमचा लालकडे ओढा आहे, पण मला इथे हिरवाच बरोबर वाटतो. जुन्या थडग्यांचे काळेपांढरे फोटो उदास दिसायला फारसं काही करावं लागत नाही. ते थडगं उद्या ज्याला दुरुस्त करायचं आहे, त्याच्या कामाला यावं असा फोटो काढायला मात्र विचार करावा लागतो.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. रस्त्यापलीकडे नॉर्थ पार्क स्ट्रीटची दफनभूमी होती, ती पाडून टाकली. त्या जागेवर आता इमारती आहेत. ज्या लेखांची कुणी नक्कल केली नव्हती, ज्यांचा फोटो काढला नव्हता, ते तिच्याबरोबरच गेले. लंडनमध्ये १९७६ पासून काम करणारी ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर सेमेटरीज इन साउथ एशिया’ ही संस्था अशा नोंदी जमवते. आपल्या प्रिंटचा एक संच तिकडे पाठवावा असं मनात आहे. हे राज्यकर्त्यांचं कौतुक म्हणून नव्हे. ऑक्झेंडन असो की ते अकरा महिन्यांचं पोर, ते इथल्याच मातीत गेले, इथल्याच गवंड्यांनी इथल्या चुन्याने त्यांच्यावर घुमट आणि सुळके चढवले. ती कारागिरी आपली आहे आणि तिचा हिशेब आपणच ठेवायला हवा.

रोलच्या डब्यांवर जागा आणि फिल्टर लिहून ठेवले आहेत. डेव्हलप एकत्र करू. मोठ्या प्रिंट आधी पाट्यांच्या काढायच्या, जोन्सचा सुळका मागाहून.

आईला नमस्कार, छोटीला पापा.

आपली,
सुमी